आधी फोन उचलायला शिकवा

माद्रिदमध्ये फोन वाजला की पलीकडून ‘दीगा?’ येतं, नाहीतर ‘दीगामे’. बोला, असा त्याचा रोख. मेक्सिको सिटीत ‘बुएनो?’ ऐकू येतं, ब्युनोस आयर्समध्ये ‘ओला?’, लिमा-कराकासकडे ‘आलो’, हवानात ‘ओइगो’. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, पण फोन उचलल्याच्या पहिल्याच सेकंदाला ती माणसाचं गाव सांगून टाकते. पुण्यात सहा महिने क्लास करून ‘ओला, कोमो एस्तास’ घोटलेल्या विद्यार्थ्याला यातला एखादाच शब्द ओळखीचा असतो. बाकीचे कानावर पडले की तो गप्प होतो, आणि फोनवर दोन सेकंद गप्प राहिलं की पलीकडचा माणूस ठेवून देतो.

आपल्याकडच्या परदेशी भाषांच्या वर्गांत फोनला फार तर एक धडा मिळतो. पानावर फोनचं चित्र, चहूबाजूंनी बाण: रिसीव्हरला ‘आउरिकुलार’, बटणांना ‘तेक्लादो’, पडद्याला ‘पान्ताया’, चार्जरला ‘कार्गादोर’. मुलं शब्द पाठ करतात, जोड्या लावतात, गुण मिळवतात. प्रत्यक्ष फोनवर बोलताना यातला एकही शब्द क्वचितच लागतो. लागतात ती वेगळीच वाक्यं: कोण बोलतंय, जरा थांबा, त्या आत्ता घरी नाहीत, आवाज येत नाहीये, पुन्हा सांगता का, नंबर चुकला. ही दहा-बारा वाक्यं पहिल्या महिन्यातच शिकवायला हवीत, आणि तीही फळ्यावर लिहून नाही, फोनवरून.

समोरासमोर भाषा तोकडी पडली तरी निभावतं. बेकरीत बोट दाखवून पाव घेता येतो, दुकानदार आकडा कागदावर लिहून देतो, चेहऱ्यावरचा गोंधळ बघून वेग कमी करतो. फोनवर हात, डोळे, भुवया सगळं बाद. त्यात आवाजही अर्धामुर्धाच पोचतो. जुन्या टेलिफोन व्यवस्थेत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जायचा, आणि लँडलाइनवरचे किंवा परदेशी जाणारे कितीतरी कॉल अजूनही त्याच मापाचे असतात. ‘स’ आणि ‘फ’ यांची ओळख पटते ती मुख्यतः त्या पट्ट्याच्या वरच्या कंपनांवरून. ती कापली गेली की साठ म्हणजे ‘सेसेंता’ आणि सत्तर म्हणजे ‘सेतेंता’ ही जोडी जन्मजात स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही पुन्हा विचारून घ्यावी लागते. वर्गातल्या स्वच्छ ध्वनिफितीवर कान तयार केलेल्या विद्यार्थ्याला तर दोन्ही एकच वाटतात.

आकड्यांचं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. स्पेनमध्ये फोन नंबर नऊ आकडी असतो. मोबाइलचा ६ किंवा ७ ने सुरू होतो, लँडलाइनचा ९ किंवा ८ ने. पहिले तीन आकडे सुटे आणि पुढचे जोडीजोडीने सांगायची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. ‘त्रेईंता इ कुआत्रो, सिंकुएंता इ सेईस’ असं कानावर पडलं की तीस आणि चार, पन्नास आणि सहा. मराठी कान इथे अडखळतो, कारण आपल्या चौतिसात चार आधी येतात आणि तीस मागून. विद्यार्थी पहिली जोडी मनात उलटीपालटी करत असतो, तोवर दुसरी निघून गेलेली असते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा, म्हणजे २०१९ साली, महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा लहान मुलांच्या सोयीची बाजू लावून धरली, तर टीकाकारांना मराठीचं काय होणार याची चिंता लागली. त्या वादाचा निकाल काहीही असो, स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘वीस एक’ची सवय उपयोगाची पडते. फोनवर नंबर लिहून घेताना त्याने मनात मराठी आकडा उच्चारूच नये. ऐकू आलं तसं डावीकडून उजवीकडे उतरवत जावं.

नंबर निभावला तरी नावापाशी फजिती होतेच.

स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही या दोन अक्षरांचा उच्चार एकच. एच असून नसल्यासारखा. जे घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळ जाणारा. आता पुण्याच्या कुठल्याही वर्गाचा हजेरीपट सालामांकाच्या एखाद्या कार्यालयातल्या बाईंच्या हातात दिला तर काय होईल? जोशीचा ‘खोसी’ होतो, जगतापचा ‘खाग्ताप’, हेमंतचा ‘एमांत’, भाव्यांचे ‘बाबे’ आणि वैभवचा ‘बाइबाब’. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटेल, पण व्हिसाच्या चौकशीत किंवा घरभाड्याच्या करारात नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की महिनाभराची पळापळ. म्हणून नाव फोनवर अक्षर-अक्षर सुटं करून सांगायची कला तिथे सगळ्यांना अवगत असते. ‘कोमो से एस्क्रीबे?’, म्हणजे कसं लिहायचं, असं विचारलं जातं आणि माणूस गावांची नावं घेत सुटतो. वैभवने आपलं नाव असं सांगायचं: ‘ऊबे दे बालेन्सिया, आ, ई, बे दे बार्सेलोना, आचे, आ, ऊबे दे बालेन्सिया’. व्हॅलेन्सियाचा व्ही, बार्सेलोनाचा बी. लॅटिन अमेरिकेत मात्र पुष्कळ ठिकाणी ‘ऊबे’ हे नावच चालत नाही. तिथे एक ‘बे’ मोठा, एक छोटा, किंवा एक लांब, एक आखूड. गाढवाचा ‘बे’ आणि गायीचा ‘बे’ असंही सांगतात. स्पेनच्या शाही भाषा अकादमीने आणि तिच्या भगिनी संस्थांनी २०१० च्या शुद्धलेखन ग्रंथात सगळ्यांनी एकच नाव वापरावं अशी शिफारस करून पाहिली. लोकांनी ती ऐकून घेतली आणि गाय-गाढव चालू ठेवलं.

कोणत्याही क्लासने पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून स्वतःचं नाव असं पाठ करून घ्यावं. फळांची नावं नंतर शिकवली तरी चालतील.

आणि ते पाठांतर देवनागरीत लिहून करावं. इंग्रजी माध्यमाच्या सवयीने आपल्याकडची मुलं वहीत उच्चार रोमन अक्षरांत टिपून ठेवतात, आणि मग ते वाचताना इंग्रजी उच्चार तोंडात येतो. वास्तविक मराठी माणसाच्या तोंडात स्पॅनिशचा बराचसा ऐवज आयताच आहे. दातांवर जीभ टेकवून म्हटलेले त आणि द, स्वच्छ पाच स्वर, जीभ थरथरवणारा र. देवनागरीत ‘पुएदे रेपेतीर?’ असं लिहिलं की तो उच्चार मूळच्या जितका जवळ जातो, तितका रोमनवरून सहसा जात नाही. बंधन एवढंच की स्पॅनिशमध्ये थ, ध, भ असे हकारयुक्त आवाज नाहीत, तेव्हा ते मधे आणायचे नाहीत. शिवाय माद्रिदकडे जे ‘स’ जिभेचं टोक दातांत धरून म्हटले जातात, त्यांना आपल्याकडे अक्षर नाही. मेक्सिकोच्या पद्धतीने साधा ‘स’ म्हटला तरी कोणी हरकत घेत नाही.

एक कॉल नीट बघण्यासारखा आहे. सालामांका हे जुन्या विद्यापीठाचं गाव, परदेशी विद्यार्थ्यांनी गजबजलेलं. समजा, गौरी नावाची मुलगी तिथे भाड्याने खोली शोधतेय. जाहिरातीतल्या नंबरवर ती फोन लावते. पलीकडून ‘दीगा?’. ती म्हणते, ‘बुएनोस दीआस. यामो पोर ला आबितासिओन.’ खोलीसंदर्भात फोन केलाय. इथवर घोकलेलं उपयोगी पडतं. मग पलीकडून प्रश्न येतो, ‘दे पार्ते दे किएन?’ शब्दांवरून अर्थ लावायला गेलं तर ‘कोणाच्या बाजूने’ असं काहीतरी हाती लागतं आणि गौरी बुचकळ्यात पडते. बाई फक्त कोण बोलतंय एवढंच विचारतेय. ‘तू कोण?’ असं तोंडावर विचारणं त्यांच्याकडेही उद्धटपणाचं, म्हणून हा आडवळणाचा प्रश्न. आपल्या ‘आपण कोण बोलताय?’ सारखाच. गौरी नाव सांगते. ‘कोमो?’ काय म्हणालात? ती अक्षरं सांगते: ‘खे, आ, ऊ, एर्रे, ई’. बाई म्हणतात, ‘उन मोमेंतो, नो कुएल्गे. आओरा से पोने मी मारीदो.’ थांबा, ठेवू नका, आता आमचे हे येतायत फोनवर. ‘पोनेर’ म्हणजे ठेवणं हे गौरीला पाठ असतं. नवरा स्वतःला कुठे ठेवतोय हे तिला कळत नाही. फोनवर येण्याला तिथे ‘पोनेर्से’ म्हणतात, ही गोष्ट वस्तूंच्या नावांच्या यादीत कुठेच नसते.

याच क्रियापदावर स्पेनमधला एक अख्खा विनोदवीर जगला. मिगेल खीला (१९१९-२००१) रंगमंचावर यायचा तो डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात फोन घेऊन. दुसरं नेपथ्य नाही. यादवी युद्धात गोळ्या घालायला उभं केलं होतं, नेम नीट न लागल्यामुळे वाचलो, असं तो स्वतःच सांगे. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या प्रवेशात एक सैनिक शत्रूच्या तळावर फोन लावतो, शत्रूला फोनवर बोलवा म्हणतो, आणि उद्या हल्ला करणार आहात का, करणार असाल तर किती वाजता, अशी अगदी शेजाऱ्यासारखी चौकशी करतो. प्रेक्षकांना पलीकडचा आवाज कधीच ऐकू येत नाही. तो त्यांनी मनात भरायचा. स्पॅनिशच्या वर्गात खीलाची एक ध्वनिफीत लावावी आणि मुलांना पलीकडचं बोलणं रचायला सांगावं. चित्रावर बाण मारण्यापेक्षा तासभराचा हा उद्योग फार मोलाचा ठरेल, आणि हसायला मिळेल ते वेगळंच.

मेक्सिकोच्या ‘बुएनो’ची गोष्टही मजेशीर आहे. सुरुवातीच्या काळात तारांचा भरवसा नसे, म्हणून ऑपरेटर आवाज बरा येतोय का असं विचारायची आणि उत्तरादाखल ‘बुएनो’, बरा आहे, असं म्हटलं जायचं, अशी त्याची उपपत्ती तिथे सांगतात. ती खरी असो वा रचलेली, मेक्सिकोतल्या फोनचं सुरुवातीचं आयुष्य कटकटीचं होतं यात शंका नाही. एरिक्सन आणि मेक्सिकाना या दोन कंपन्यांची जाळी तिथे शेजारी-शेजारी चालायची आणि एकीवरून दुसरीवर फोन लागत नसे. दुकानदार पाटीवर दोन-दोन नंबर लिहायचे. १९४७ च्या अखेरीस तेलमेक्स स्थापन झाली आणि त्यानंतर हा घोळ मिटला. महाराष्ट्रात २०२२ साली सरकारी कार्यालयांत फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं असा शासन निर्णय निघाला होता. स्पॅनिश जगातले हे ‘बुएनो’, ‘दीगा’, ‘आलो’ कोणाच्या आदेशाने आलेले नाहीत. जिथे जे तोंडात बसलं ते टिकलं, आणि म्हणूनच ते कुठल्या एका पुस्तकात एकगठ्ठा सापडत नाहीत.

‘ओइगो’ म्हणणाऱ्या हवानाला तर टेलिफोनच्या इतिहासातच जागा आहे. अंतोनियो मेउची हा इटालियन माणूस तिथल्या ताकोन नाट्यगृहात तंत्रज्ञ होता. विजेच्या झटक्यांनी रोग बरे करण्याचे त्याचे प्रयोग चालत. त्यातच १८४९ च्या सुमारास तारेतून माणसाचा आवाज आल्याचं त्याच्या लक्षात आलं, असं तो पुढे सांगत असे. नंतर तो न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर जाऊन राहिला. पेटंट मिळालं बेलला, १८७६ मध्ये. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मेउचीच्या कामाची दखल घेणारा ठराव केला तो २००२ साली.

स्पेनमधल्या फोनची खरी कथा माद्रिदच्या ग्रान बीआवरच्या एका इमारतीत घडली. तेलेफोनिका ही कंपनी १९२४ ची. १९३० च्या सुमारास तिने तिथे ८९ मीटर उंच मुख्यालय बांधलं. तेव्हा युरोपात एवढ्या उंचीच्या इमारती मोजक्याच होत्या. यादवी युद्धात, १९३६ च्या नोव्हेंबरात, फ्रँकोचं सैन्य शहराच्या वेशीवर आलं आणि ही इमारत तोफांचं आयतं निशाण झाली. परदेशी वार्ताहर आपल्या बातम्या इथूनच लंडन-पॅरिसला फोनवरून वाचून दाखवायचे. आधी मजकूर सेन्सॉरकडून तपासून घ्यायचा, मग वाचायचा. वाचत असताना दुसरा सेन्सॉर कान लावून बसलेला असे, आणि वार्ताहराने मंजूर मजकुरापासून एक शब्द जरी हलवला तरी लाइन तोडून टाके. आर्तुरो बारेआ हा लेखक त्या काळात तिथे सेन्सॉरचं काम करत होता. पुढे परागंदा झाल्यावर आत्मचरित्रात त्याने त्या खोल्यांचं, तिथल्या मेणबत्त्यांचं आणि बॉम्बच्या धडाक्यांचं वर्णन केलं. याच कंपनीच्या पहिल्या काळातल्या ऑपरेटर मुलींवर २०१७ साली नेटफ्लिक्सची स्पेनमध्ये बनलेली पहिली मालिका आली. दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवार हाही तेलेफोनिकाचाच जुना नोकर, बाराएक वर्षं तिथे कारकुनी केलेला. १९८८ च्या त्याच्या गाजलेल्या चित्रपटात नायिकेचा अर्धा संसार आन्सरिंग मशिनवर घडतो आणि ती चिडून फोनच खिडकीबाहेर भिरकावते. ज्यांना शब्द पाठ करायचा कंटाळा येतो त्यांनी हा चित्रपट दोनदा बघावा. फोनची निम्मी शब्दसंपत्ती त्यात रागालोभासकट सापडते.

युद्ध संपलं, तारा गेल्या, बूथही गेले. २०२२ च्या दूरसंचार कायद्यानंतर स्पेनमध्ये सार्वजनिक फोन राखण्याची सक्तीही राहिली नाही. पण शब्द मागे उरले. फोन बंद करण्याला अजून ‘कोल्गार’, म्हणजे टांगणं, म्हणतात, आणि हातात टांगण्यासारखं काही नसतं. मराठीत आपण तो ‘ठेवतो’, आणि ठेवायलाही आता काही उरलेलं नाही.

अलीकडची बोली मात्र आपल्याला अगदी घरची वाटावी अशी आहे. स्पेनमधली पोरं ‘आस्मे उना पेर्दीदा’ म्हणतात, म्हणजे मिस्ड कॉल दे. ‘दामे उन तोके’ हेही तेच. मेक्सिकोत बॅलन्स संपला की ‘नो तेंगो साल्दो’, आणि रिचार्ज म्हणजे ‘रेकार्गा’. पैसे वाचवायला एक रिंग देऊन ठेवून देण्याची अक्कल बारामतीत आणि बार्सेलोनात एकाच सुमाराला सुचली होती. बार्सेलोनाच्या राबाल भागात आणि माद्रिदच्या लाबापिएसमध्ये स्थलांतरितांसाठी ‘लोकुतोरिओ’ नावाची दुकानं असत. लाकडी खोकी, भिंतीवर देशागणिक मिनिटाचे दर. आपल्या एसटीडी-पीसीओचीच ती सख्खी भावंडं. बार्सेलोना हे क्रूझ जहाजांचं मोठं बंदर आहे, आणि गोव्या-कोकणातली पुष्कळ मुलं या जहाजांवर कामाला असतात. अशा कोणाला बंदरावर उतरल्यावर डॉक्टर किंवा टॅक्सी गाठायची असेल, तर त्याला स्पॅनिशचं व्याकरण नको असतं. फोनवरची चार वाक्यं हवी असतात.

सगळ्यात आधी शिकवायला हवी ती मदत मागण्याची वाक्यं. स्पेनमध्ये संकटकाळचा नंबर ११२, जो आता भारतातही आहे. मेक्सिकोत ९११. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी स्पेनमध्ये ०१६ आहे. हा कॉल बिलावर दिसत नाही, पण फोनमधल्या यादीतून तो स्वतः पुसावा लागतो. ‘नेसेसीतो आयुदा’, मला मदत हवीय, आणि पाठोपाठ पत्ता. एवढं कोणत्याही परदेशी विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.

देशागणिक सावध राहावं अशाही काही जागा आहेत. स्पेनमध्ये फोन उचलण्याला सर्रास ‘कोखेर’ म्हणतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात हाच शब्द चारचौघांत उच्चारू नये असा आहे. तिथे ‘कोन्तेस्तार’ म्हणावं, अर्जेंटिनात ‘आतेंदेर’. मोबाइल स्पेनमध्ये ‘मोबिल’, अटलांटिकच्या पलीकडे ‘सेलुलार’. लाइन व्यग्र असली तर माद्रिदमध्ये ‘एस्ता कोमुनिकांदो’, इतरत्र ‘ओकुपादो’. नंबर फिरवण्याच्या रीतीही वेगवेगळ्या. मेक्सिकोने ऑगस्ट २०१९ मध्ये जुने ०१, ०४४, ०४५ हे उपसर्ग काढून सगळीकडे सरळ दहा आकडे केले. त्याआधी छापलेली पुस्तकं वापरणारे वर्ग अजूनही ते उपसर्ग शिकवत असतील तर ती पानं फाडून टाकावीत. अर्जेंटिनात परदेशातून मोबाइल लावताना ५४ नंतर ९ घालावा लागतो आणि स्थानिक नंबरातला १५ गाळावा लागतो. हे ठाऊक नसेल तर भाषा कितीही चांगली असो, फोन लागतच नाही.

आता फोन करतं कोण, सगळे मेसेजच पाठवतात, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. वयाची पंचविशी न ओलांडलेल्यांना कुठल्याच भाषेत फोन करायला आवडत नाही. यंत्रंही मदतीला आलीत. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये फोनवरच्या संभाषणाचा चालू भाषांतराचा पर्याय आणला, तेव्हा त्याच्या तेरा भाषांत स्पॅनिश होती, हिंदीही होती. मराठी नव्हती. पण यंत्र वाक्य ऐकून भाषांतर करून बोलेपर्यंत जो खंड पडतो, त्यातच सालामांकाची घरमालकीण फोन ठेवून देते. आणि ज्यांना स्पॅनिशमुळे पगार मिळतो, त्यांना तर ही पळवाटच नाही. हिंजवडी-खराडीकडच्या कंपन्यांत स्पॅनिश येणाऱ्यांना काम मिळतं ते कविता वाचण्यासाठी नव्हे. मेक्सिको सिटी भारताच्या साडेअकरा तास मागे. म्हणजे पुण्यात रात्री साडेदहाला बसायचं आणि तिथल्या सकाळी अकराच्या ग्राहकाशी बोलायचं. हा ग्राहक चिडलेला असला तरी ‘तुम्ही’वरच बोलतो. समोरच्याचं नाव विचारायला ‘कोन किएन तेंगो एल गुस्तो?’ म्हणतो, कोणाशी बोलण्याचा आनंद लाभतोय अशा थाटात. आणि नीट ऐकू आलं नाही तर ‘मांदे?’ म्हणतो, म्हणजे आज्ञा करा. मराठी माणसाला अहो-जाहो आईच्या कडेवर असतानाच मिळालेलं असतं, तेव्हा ‘तू’ आणि ‘उस्तेद’मधला फरक त्याला इंग्रजीच्या अंगाने समजावून सांगायची गरज नाही. तरी आपल्या वर्गांत तो इंग्रजीतूनच समजावला जातो, आणि मुलं पहिल्याच कॉलला सत्तरीच्या ग्राहकाला ‘तू’ म्हणून मोकळी होतात.

फोन संपवण्याचाही सराव हवा. स्पेनमधला माणूस एकदा ‘आदिओस’ म्हणून थांबत नाही. ‘बेंगा, बाले, पुएस नादा, बेंगा, आस्ता लुएगो, आस्ता लुएगो’ असं निदान अर्धा मिनिट चालतं, आणि पहिल्या ‘बेंगा’ला फोन ठेवणारा तुसडा ठरतो. आपल्याकडेही ‘बरं मग, चला, ठेवू का?’ झाल्यावर खरा विषय निघतो. फरक एवढाच की तिथे सहसा नवा विषय निघत नाही, हे ठाऊक नसलेला विद्यार्थी उगाच ताटकळत राहतो.

तेव्हा क्लासचालकांनी आणि विद्यापीठांच्या भाषा विभागांनी एक साधा बदल करून बघावा. तोंडी परीक्षेत परीक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात, दोघांच्या मध्ये चित्र ठेवलेलं असतं आणि विद्यार्थी त्याचं वर्णन करतो. त्याऐवजी निम्मी परीक्षा फोनवर घ्यावी. परीक्षकाने शेजारच्या खोलीतून, स्पीकर न लावता, विद्यार्थ्याच्या मोबाइलवर फोन करावा. कधी ‘दीगा’, कधी ‘बुएनो’ अशी वळणं घ्यावीत. एक नऊ आकडी आणि एक दहा आकडी नंबर नेहमीच्या वेगाने सांगावा, नाव लिहून घ्यायला लावावं, मधेच रस्त्यावरचा गोंगाट ऐकू द्यावा, एकदा मुद्दाम लाइन तोडावी. विद्यार्थ्याने पुन्हा फोन करून ‘से कोर्तो’, म्हणजे कट झाला होता, असं म्हणून बोलणं पुढे नेलं तर पूर्ण गुण. ‘नो ले ओइगो बिएन, पुएदे रेपेतीर?’ असं न लाजता विचारलं, तर त्यालाही गुण द्यावेत, कारण पहिलं वर्षभर हेच वाक्य त्याला सगळ्यात जास्त वापरावं लागणार आहे. यासाठी वेगळं पुस्तक छापायला नको, प्रयोगशाळा नको. प्रत्येकाच्या खिशात साहित्य आहेच, आणि सध्याचा नियम असा की वर्गात शिरताना ते बंद करून ठेवायचं.